काठीचा पाठ

शाळेत सगळे त्यांना स्टेपनीबाई म्हणत. गाडीला मागे एक जादा चाक टांगलेलं असतं, एखादं चाक बसलं की ते काढायचं आणि काम झालं की पुन्हा टांगून ठेवायचं, तशा एकोणीस वर्षं त्या बदली शिक्षिका होत्या. गणिताच्या सरांना ताप आला की गणित, इतिहासाच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या की इतिहास, चित्रकलेच्या सरांचा पाय मुरगळला की चित्रकला. स्टाफरूममध्ये त्यांना स्वतःची खुर्ची नव्हती. जो गैरहजर, त्याची खुर्ची त्या दिवसापुरती त्यांची. सगळे धडधाकट असले की त्या पाण्याच्या फिल्टरपाशी उभ्या राहून वह्या तपासायच्या आणि कुणी ग्लास घेऊन आलं की अंग चोरून बाजूला व्हायच्या.

हे नाव मुलांनी ठेवलं असं सगळे समजत. मुलांनी ते फक्त उचललं. ठेवलं होतं पर्यवेक्षिका मॅडमनी, आणि तेही बाईंच्या अगदी पहिल्या महिन्यात, भर स्टाफरूममध्ये, खांद्यावर हात ठेवून, हसत हसत. स्टेपनीबाईही तेव्हा हसल्या होत्या. त्या हसण्याचा त्यांना पुढे एकोणीस वर्षं संताप येत राहिला.

या टांगून राहण्याचा एक फायदा मात्र झाला. पाचवी ते आठवीच्या वर्गांत काय काय शिकवलं जातं हे शाळेत फक्त त्यांना माहीत होतं. बाकीच्यांना आपापला विषय माहीत. आठवीला इतिहासात जहाजं समुद्र ओलांडत असतात, त्याच आठवड्यात भूगोलात वारे वाहत असतात, आणि ती जहाजं याच वाऱ्यांवर चालली हे मुलांना सांगायला कुणालाच सवड नसते. सातवीला विज्ञानात प्रकाश सरळ रेषेत जातो, गणितात गुणोत्तर चालू असतं, भूगोलात पृथ्वी स्वतःभोवती फिरते. मुलं तीच, फळा तोच. पण घंटा झाली की प्रकाश दप्तरात जातो आणि गुणोत्तर बाहेर येतं. एकाची दुसऱ्याशी ओळख करून द्यायची पद्धत नाही.

दर महिन्याला पालकांसाठी दारातल्या फळ्यावर ‘आपली मुलं काय शिकत आहेत’ असा तक्ता लागायचा. तो लिहायचं काम अर्थातच स्टेपनीबाईंकडे होतं. एका वर्षी त्यांनी हौसेने रंगीत खडूंनी बाण काढले, विज्ञानाच्या रकान्यातून गणिताच्या रकान्यात, तिथून भूगोलात. पालक थांबून थांबून बघत होते. पर्यवेक्षिका मॅडमनी शिपायाला सांगून ते बाण पुसून घेतले आणि म्हणाल्या की हा तक्ता आहे, कोळ्याचं जाळं नव्हे. बाईंनी बोटावरचा खडू पदराला पुसला आणि काही बोलल्या नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आत मात्र एकेक गोष्ट जपून ठेवलेली असायची, तारखेसकट.

आणि सगळ्यांत जुनी तारीख होती मुलाखतीची.

त्या आणि पर्यवेक्षिका मॅडम अध्यापक विद्यालयात एका बाकावर होत्या, एका खोलीत राहायच्या. अगं-तुगंच्या मैत्रिणी. दोघींनी याच शाळेत एकाच जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीला सातवीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. स्टेपनीबाईंनी, तेव्हा त्यांना काही टोपणनाव नव्हतं, महिनाभर डोकं लावून एक पाठ तयार केला होता. साहित्य काय, तर एक मीटर लांबीची काठी आणि मोजपट्टी. काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची. मग आवारातल्या पाण्याच्या टाकीची सावली मोजायची. काठीपेक्षा सावली जितकी पट, तितकीच पट टाकीचीही, म्हणजे वर न चढता टाकीची उंची सांगता येते. इथपर्यंत कुणीही जाईल. बाईंची करामत पुढे होती. अर्ध्या मुलांनी टाकीची सावली लगेच मोजायची, अर्ध्यांनी मुद्दाम पाऊण तासाने. काठीचं माप मात्र दोघांनी पहिलंच धरायचं. लगेच मोजणाऱ्यांची टाकी चौदा मीटर भरते आणि उशिराने मोजणाऱ्यांची अकरा. मग मुलांना विचारायचं, तीन मीटर टाकी गेली कुठे? मुलं भांडतात, मोजपट्टीला शिव्या देतात, एकमेकांना खोटं पाडतात, आणि शेवटी कुणाच्या तरी डोक्यात लख्ख प्रकाश पडतो की टाकी कुठे गेली नाही, आपणच गेलो. तेवढ्या वेळात पायाखालची जमीन फिरली. गणित, विज्ञान आणि भूगोल एका काठीला येऊन भेटतात.

आदल्या दुपारी त्यांनी हा सगळा पाठ मैत्रिणीला वाचून दाखवला. मैत्रिणीने दोन शंकाही विचारल्या. आपल्या पाठाबद्दल विचारल्यावर म्हणाली, माझं काय गं, अपूर्णांक घेईन.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला दहाला बोलावलं आणि यांना साडेअकराला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून यांनी पाहिलं तर मैत्रीण वर्गाला घेऊन आवारात निघाली होती आणि तिच्या हातात काठी होती. यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा पाठ तयार नव्हता. साडेअकराला त्याच वर्गासमोर यांनीही काठी उभी केली, तेव्हा मुलं एका सुरात म्हणाली की हे आत्ताच झालं. यांनी प्रश्न तोंडातून काढायच्या आधी उत्तर यायचं. टाकी किती उंच, चौदा. तीन मीटर कुठे गेले, आपण फिरलो. मुलांना काय, ती दोघींनाही ओळखत नव्हती. ती खिदळत होती. उत्तर आधीच माहीत असलेल्या वर्गापुढे पाठ घेणं म्हणजे काय हे बाईंना त्या अर्ध्या तासात कळलं. निवड समितीतल्या एकाने तर विचारलं की उमेदवाराने निदान स्वतःचं काही आणायला नको का. मैत्रिणीला जागा मिळाली. पुढे तिनेच रदबदली करून यांना बदली शिक्षिका म्हणून लावून घेतलं, आणि त्याबद्दल सगळ्या शाळेने तिचं कौतुक केलं.

बाई घरी मोठ्या बहिणीबरोबर राहत. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी, आणि जिभेला हाड नसलेली. ही काठीची कहाणी चहाच्या कपाबरोबर ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. ती म्हणायची की एक तर दुसरी शाळा बघ, नाहीतर तिच्या एकदा मुस्काटात मार, पण हे मिरे रोज रोज माझ्या डोक्यावर वाटू नकोस. बाई दुसरी शाळा बघत नव्हत्या. दुसऱ्या शाळेत ती नसणार होती, आणि मग तिचं वाईट झालेलं बघायला कोण थांबणार होतं?

वाईट काही होत नव्हतं. काठीचा पाठ हे मॅडमचं हुकमी पान झालं. दर वर्षी सातवीला तो पाठ व्हायचा, पाहुणे यायचे, फोटो निघायचे, इतर शाळांतून बोलावणी यायची. मॅडम पर्यवेक्षिका झाल्या त्या पाठावर. आणि या वर्षी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होत होती. खुल्या तासांच्या दिवशी, जेव्हा पालक वर्गावर्गांत बसून आपली मुलं काय शिकतात ते बघतात, त्याच दिवशी समिती दोन उमेदवारांचे पाठ बघणार होती. एक बाहेरच्या शाळेतले सर, आणि दुसऱ्या मॅडम. मॅडम काय घेणार हे विचारायची गरजच नव्हती.

त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी मॅडमच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली आणि शस्त्रक्रिया ठरली. सातवीचे गणित आणि विज्ञानाचे तास स्टेपनीबाईंकडे आले. रजेवर जायच्या आदल्या दिवशी मॅडम त्यांना घेऊन वर्गात गेल्या आणि सगळ्या मुलांसमोर कामाची यादी हातात दिली.

“बाई, फक्त उजळणी घ्यायची. नवीन काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि काठीचा पाठ माझा आहे. त्याला हात लावलेला मला चालणार नाही. मागे एका बदलीच्या सरांना असल्याच आगाऊपणासाठी घरी जावं लागलं होतं, ठाऊक आहे ना?”

बाई म्हणाल्या, ठाऊक आहे. ‘माझा आहे’ हे दोन शब्द मात्र कानशिलात मारल्यासारखे लागले. घरी येईपर्यंत त्या तेच दोन शब्द घोळवत होत्या. आणि चपला काढता काढता त्यांना हसू फुटलं. ताईने विचारलं काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, मला एका वर्गाला शिकवायचं आहे.

बेत इतका साधा होता की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. मुस्काटात मारायची गरज नव्हती. कट नको, खोटं नको, निनावी पत्र नको. फक्त पाठ घ्यायचा, आणि असा घ्यायचा की मुलं मरेपर्यंत विसरणार नाहीत. मग खुल्या दिवशी मॅडम समितीपुढे काठी उभी करतील आणि टाकी किती उंच म्हणून विचारतील, तेव्हा छत्तीस तोंडांतून उत्तर येईल, चौदा. आपण व्हरांड्यातून जे पाहिलं, आपण आवारात जे भोगलं, ते आता तिने भोगावं. बरोबर तेच, कमी नाही आणि जास्तही नाही. नोकरी गेली तर गेली. एकोणीस वर्षं टांगून राहिलेल्या चाकाला रस्त्यावर पडायची भीती काय दाखवायची?

चौथ्या दिवशी त्यांनी वर्ग आवारात नेला.

सूडासाठी म्हणून घेतलेला तो पाठ त्यांनी जन्मात घेतला नव्हता इतका चांगला झाला. मुलं दोन गटांत भांडली. एक मुलगा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण कानावर पडलेलं काहीही त्याच्या पोटात राहत नसे. तो टाकीच्या पायथ्याशी जाऊन खरंच तीन मीटर शोधून आला. वर्गाची मॉनिटर, लांब वेणीची, कपाळाला आठ्या घालून विचार करणारी मुलगी, बराच वेळ नुसती काठीकडे बघत राहिली. मग तिने सावलीच्या टोकावर एक खडा ठेवला आणि थोड्या वेळाने आणखी एक. दोन खड्यांमध्ये जागा पडली होती. ती हळूच म्हणाली की बाई, आपण हललो. सगळा वर्ग आपापल्या पायांकडे बघायला लागला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांचा त्यांनाच राग आला. हे आनंदासाठी चाललेलं नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी तो पाठ तीन वेळा घोटून घेतला. काठी लहान केली, मोठी केली. टाकीऐवजी झेंड्याचा खांब घेतला, दिव्याचा खांब घेतला. सकाळी मोजलं, मधल्या सुट्टीत मोजलं. रेडिओला तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. सगळी भिस्त त्याच्यावरच होती. पाहुण्यांसमोर पहिलं तोंड तोच उघडणार हे त्या स्वतःच्या नावाइतकं खात्रीने सांगू शकल्या असत्या. कुणाला सांगू नका असं त्यांनी मुलांना बजावलं नाही. सांगा असंही म्हटलं नाही. त्या फक्त शिकवत होत्या, आणि शिकवण्यासाठी कुणाला फाशी देत नाहीत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मॅडम खुल्या दिवसाच्या आदल्या दिवशी हजर झाल्या. चेहरा उतरलेला, चाल जपून, पण नजर तशीच. दिवसभर त्या तोरणं, खुर्च्या आणि आमंत्रणं यांतच होत्या. शेवटच्या तासाला दोन मिनिटं वर्गात डोकावून त्यांनी विचारलं की मी नसताना काय काय केलंत. स्टेपनीबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत्ता कळलं तर मॅडम पाठ बदलतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. मुलं एका सुरात म्हणाली, उजळणी. मॅडम बरं म्हणून गेल्या. बाईंना वाटलं, नशिबाने मुलांना प्रश्नच नीट कळला नाही. त्या दिवशी घरी त्या ताईला म्हणाल्या की उद्या माझ्या हातून एक जुनं काम पुरं होणार आहे. ताई म्हणाली, मग उद्यापासून चहा शांतपणे प्यायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी ऊन अगदी मनासारखं पडलं होतं. बाहेरच्या सरांचा पाठ सहावीवर आधी झाला, बरा झाला, त्यात काही अडलंही नाही आणि काही चमकलंही नाही. मग सगळे आवारात आले. समितीचे तिघं खुर्च्यांवर, मागे पालक उभे, आणि टाकीच्या सावलीशेजारी सातवीचा वर्ग ओळीने. स्टेपनीबाईंना कुठे उभं राहावं हा प्रश्न पडला नाही, कारण मॅडमनी तो सगळ्यांदेखत सोडवला. म्हणाल्या, बाई, तुम्ही टेपचं टोक धरा. बाईंनी टेपचं टोक धरलं. इतक्या जवळून बघायला मिळेल असं त्यांनी मागूनही मागितलं नसतं.

मॅडमनी काठी उभी केली आणि खड्या आवाजात विचारलं, “सांगा बरं, ही टाकी किती उंच असेल?”

बाईंनी रेडिओकडे पाहिलं. त्याचा हात अर्धा वर गेला होता. तोंड उघडलं होतं. आणि मागून कुणीतरी त्याचा शर्ट खेचला.

कुणी म्हणालं वीस मीटर. कुणी म्हणालं पन्नास. पहिल्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला शंभर. पालक हसले.

बाईंना वाटलं मुलं बावरली असतील. एवढी माणसं बघून कुणीही बावरेल. पुढे होईल. पण पुढे काठीची सावली मोजली गेली तेव्हा मुलं तिच्याकडे अशी बघत होती की सावली नावाची वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नसावी. गुणोत्तराने टाकीची उंची चौदा मीटर निघाली तेव्हा त्यांनी आ वासला. छत्तीस तोंडं, एकाच वेळी, व्यवस्थित. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. पाऊण तासाने दुसऱ्या गटाची टाकी अकरा मीटर भरली, मॅडमनी हात पसरून आपला तो प्रश्न विचारला, बाईंचा प्रश्न, शब्दन् शब्द बाईंचा, आणि वर्ग गप्प बसला. रेडिओने दोन्ही हात तोंडावर दाबले होते आणि त्याचे डोळे पाण्याने भरले होते. बोल ना मेल्या, असं बाई मनातल्या मनात त्याला म्हणत होत्या. टेप धरून धरून बोटं पांढरी पडली होती.

मॉनिटरने आठ्या घातल्या. “मॅडम, टेप चुकीची असेल का?”

समितीला हे फारच आवडलं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तर वहीत टिपून घेतलं. मग आणखी दोघांनी आणखी दोन चुकीची उत्तरं दिली, एक बरं आणि एक अगदी बावळट, आणि शेवटी मॉनिटर थांबत थांबत, एकेक शब्द जणू आत्ताच सापडतो आहे अशा सुरात म्हणाली की मधल्या वेळात आपणच तर हललो नसू ना, मॅडम. टाळ्या पडल्या. एका पालकाने रुमाल काढून डोळे पुसले. मॅडमनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा तो पाठ इतका सुरेख कधीच झाला नव्हता.

दुपारी निर्णय लागला. मॅडम मुख्याध्यापिका झाल्या. स्टाफरूममध्ये सगळे उभे राहून त्यांचं अभिनंदन करत होते आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या, पण बाई बसल्या नाहीत. त्या सरळ सातवीच्या वर्गात गेल्या. डोकं तापून लाल झालं होतं. तीन आठवडे जीव ओतून शिकवलं आणि ऐन वेळी या कारट्यांनी सगळं धुऊन पाण्याबरोबर सोडून दिलं. मुलं दप्तरं भरत होती. बाईंनी दार लावून घेतलं.

“काय रे, सगळं विसरलात? तीन वेळा करून घेतलं होतं मी. तीन वेळा.”

मुलं एकमेकांकडे बघून गालात हसायला लागली. छत्तीसच्या छत्तीस. बाईंना वाटलं आता आपल्या हातून कुणाला तरी फटका बसणार. मॉनिटर उभी राहिली.

“विसरलो नाही, बाई. सगळं येतं. पण मॅडमनी तुम्हाला बजावलं होतं ना, काठीच्या पाठाला हात लावायचा नाही म्हणून. त्या बदलीच्या सरांना काढून टाकलं तसं तुम्हालाही काढलं असतं. तरीही तुम्ही आमच्यासाठी घेतलात. मग आम्ही ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही.”

कालची उजळणीही त्यांनी ठरवूनच सांगितली होती. मधल्या सुट्टीत जिन्याखाली त्यांची सभा भरली होती. कुणी कोणती उंची सांगायची, चुकीची उत्तरं कुणी द्यायची, आ कधी वासायचा, सगळं वाटून घेतलं होतं. टेप चुकीची असेल का हे मॉनिटरने स्वतः घेतलं, कारण ते बावळट न दिसता म्हणायला हवं होतं. एकच अडचण होती, रेडिओची. त्याच्या मागे शर्ट ओढायला दोघं बसवले होते. आणि तेवढ्याने भागणार नाही म्हणून त्याने स्वतःच एक उपाय काढला होता.

रेडिओ पुढे आला आणि त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. बाजूला दातांची खूण उमटली होती, लाल, अजून ओलसर.

“तीन मीटरच्या वेळी चावून धरली, बाई,” तो म्हणाला. शब्द जरा बोबडे येत होते. “रक्त आलं. पण बोललो नाही.”

बाईंना राग आलेला होता, भरपूर आलेला होता, पण तो आता कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. एकोणीस वर्षांत कुणी त्यांच्यासाठी साधी खुर्ची सोडली नव्हती. आणि आज छत्तीस मुलांनी मिळून त्यांचा सूड त्यांच्या डोळ्यांसमोर वाया घालवला होता, त्यांना वाचवायला म्हणून. मुलं शाबासकीची वाट बघत होती.

“बाई, आम्ही बरोबर केलं ना?” मॉनिटरने विचारलं.

वर्गात चुकलेल्या उत्तराला बाईंनी कधी बरोबर म्हटलं नव्हतं, पाहुणे असोत की नसोत, मूल रडत असलं तरीसुद्धा.

“हो,” त्या म्हणाल्या. “बरोबर केलंत.”

आणि रेडिओला त्यांनी गार पाण्याने चूळ भरून यायला पाठवलं.